करंजवाडीच्या मठाचा गडवा

उमादेवीची आई लेकीबद्दल बोलताना नेहमी म्हणायची, "पोरगी कामाची हाय, पण जाग्यावर न्हाई." ते खोटं नव्हतं. बारवेवर पाण्याला पाठवलं की घागर भरायची, बुडबुड वाजून गप्प व्हायची, आणि ही पायरीवर उकिडवी बसून पाण्यात हलणारं आभाळ बघत राहायची. चुलीपुढं बसली की जाळात तिला गावं दिसायची, गाड्या दिसायच्या. कुणी हाक मारली तर ओ द्यायची, पण ती ओ कुठून तरी लांबून आल्यासारखी.

अशी ही पोरगी राणीसावरगावच्या बाजूच्या करंजवाडीहून पालमला, सोनाराच्या घरात दिली. नवरा शिवाप्पा. घराणं चांदीकामाचं. गळ्यात घालायच्या लिंगाच्या डब्या, देवाची ताम्हनं, निरांजनं, लेकीबाळींचे पैंजण. सासरी गेली की येईल जाग्यावर, असं आईला वाटलं होतं. झालं उलटंच. उमादेवीच्या वाट्याला उजळायचं काम आलं. रिठ्याच्या पाण्यात भांडं घासायचं, धुवायचं, आणि मग ओपणीनं, म्हणजे गुळगुळीत पोलादी दांडीनं, दाबून दाबून घासायचं. चांदी उजळत आली की तिच्यात पालमचा रस्ता उतरायचा. वाकडी झालेली एसटी, लांबच लांब मानेच्या शेळ्या, मोटारसायकलवरून पोटाकडून फुगत जाणारा माणूस. दुपारच्या दुपारी ती त्यात हरवून जायची. सासू कुरकुर करायची, पण शिवाप्पा कधी बोलला नाही. तिचे डोळे कुठं का जाईनात, हात थांबत नाही, एवढं त्यानं पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

असाच संसार झाला. एकच लेक झाली, शिवरंजनी. ती शिकली, परभणीत शाळेवर लागली. सासूसासरे गेले. मशिनीवरचा तयार माल आला आणि घडाईचं काम हळूहळू आटत जाऊन डागडुजीचं उरलं. मग चार वर्षांमागं एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता शिवाप्पाचा उजवा हात खाली आला, तो परत वर गेलाच नाही. लकवा मारला होता. बोलणं महिन्याभरात बरंचसं सुधारलं, पाय फरफटत का होईना चालू लागला, पण हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून राहिला.

पुढं जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. तुटका पैंजण आला. शिवाप्पानं तो डाव्या हातानं घेतला, बघितला आणि मागच्या खोलीत उमादेवीपुढं ठेवला. तिनं टाकणखार लावला, फुंकणी ओठाला धरली आणि डाख लावून सांधा जोडून टाकला. इतकी वर्षं शेजारी बसून बघितलेलं काम होतं. हाताला ते ठाऊक आहे हे तिला हात चालल्यावरच कळलं. गिऱ्हाईक समजायचं, शिवाप्पाच करतो बापडा एका हातानं. कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर करंजवाडीचे दिनकरराव दुकानात आले. मठाचा कारभार ते बघत. "शरणार्थ" म्हणत हात जोडून ते गादीवर टेकले आणि पिशवीतून धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं. फडकं सोडलं, तर आत चांदीची एक चपटी, मुडपलेली चकती. शिवाप्पानं ती ओळखली आणि त्याचा चेहरा उतरला. तो मठाचा गडवा होता, अभिषेकाच्या पाण्याचा.

घडलं ते असं. मठाच्या स्वयंपाकघराचं बांधकाम चाललं होतं. सकाळची पूजा आटोपून स्वामींनी गडवा ओट्यावर उपडा घातला होता. पिंपळावरच्या वानरांपैकी एकानं तो उचलला, आत हात घालून बघितला, काही मिळालं नाही तसा वरून टाकून दिला. तो पडला नेमका विटांच्या ट्रॉलीमागं, आणि ट्रॅक्टर त्याच वेळी मागं येत होता. ड्रायव्हरला चाकाखाली काय आलं ते कळलंसुद्धा नाही.

हा गडवा शिवाप्पाच्या आज्जानं, गुरुलिंगप्पानं घडवलेला. मुलूख निजामाचा होता तेव्हाची गोष्ट. ऐन उमेदीत गुरुलिंगप्पा हैदराबादला जाऊन एका सराफाच्या कारखान्यात काही वर्षं राहिला, आणि परत आल्यावर करंजवाडीच्या मठासाठी त्यानं चार भांडी केली: गडवा, धुपाटणं, पंचारती आणि घंटी. तशी भांडी आधी कुणी पाहिली नव्हती. वेलबुट्टी नाही, मोर नाही, कमळ नाही. सगळं सरळ रेघांत. धुपाटण्याची बैठक पायरीपायरीनं चढत गेलेली, पंचारतीच्या मागं उगवत्या सूर्यासारख्या ताठ किरणांचा पंखा, घंटीच्या मुठीला एकावर एक ठेवल्यासारख्या चकत्या, गडव्याच्या अंगावर कोरलेली किरणं. गावातले जुने लोक आधी नाकं मुरडत होते. म्हणाले, ही तर कचेरी झाली, देवाचं भांडं कुठं झालं. पण तेव्हाच्या स्वामींनी पंचारती ओवाळली, किरणांच्या पंख्यावर पाच ज्योती पडल्या, गाभारा आतून पेटल्यासारखा झाला, आणि मग कुणी काही बोललं नाही.

दिनकरराव आधी परभणीला सराफ्यात जाऊन आले होते. तिथं त्यांना मोड घालून नवा घ्या म्हणून सांगितलं. पण गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं, एकदा घडवणाऱ्याच्या घरी विचारून या. "होण्यासारखं नसंल तर तसं सांगा, अप्पा," दिनकरराव म्हणाले. "आमी राग मानायचो न्हाई."

शिवाप्पानं ती चकती डाव्या हातात उलटसुलट फिरवून बघितली. मग म्हणाला, "ठिवा. शिवरात्रीला न्या."

दिनकरराव गेल्यावर उमादेवी मागून बाहेर आली. तिचे हात रिठ्याच्या फेसानं भरलेले होते. असलं काम कोण करणार, असं तिनं विचारलं. शिवाप्पानं तिच्याकडं बघितलं नाही. "तू," म्हणाला. पैंजण जोडणं वेगळं आणि हे वेगळं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. चकती खिडकीत ठेवली आणि समोर बसली. थंडी अजून होती, रस्त्यावर धुकं होतं, कापसाच्या गाडीतून उडालेला एक पुंजका दाराशी तरंगत होता. तिसऱ्या दिवशी तिनं निखाऱ्यावर चांदी तापवली, लाल होऊ दिली, निवू दिली, आणि लाकडी मोगरीनं घडीच्या कडेवर पहिला हलका ठोका घातला. चांदी कुरकुरली. पुन्हा तापवली, पुन्हा ठोका. दिवसातून फार तर बोटभर घडी उलगडायची. गळा पोटाशी डाख लावून बसवलेला होता. तो तिनं सोडवून वेगळा काढला, तेव्हा कुठं आत वाकडा दांडा घालायला वाट झाली.

गडव्याचं तोंड असं रुंद झालं, त्या दुपारी तिनं तो उजेडाकडं धरून आत पाहिलं. बाहेरून घासून घासून गुळगुळीत झालेली चांदी आतून मात्र जशीच्या तशी होती. गुरुलिंगप्पाचे ठोके आत रांगेनं बसलेले होते, पेरलेल्या ज्वारीच्या ओळींसारखे. तिनं बोट आत घालून त्या ओळीवरून फिरवलं. ठोका, ठोका, ठोका, मग थोडी मोकळी जागा. इथं त्यानं पाणी पिलं असेल. एके जागी ओळी विस्कटल्या होत्या, एकमेकींवर चढल्या होत्या. इथं त्याचं चुकलं होतं आणि त्यानं ते सावरून घेतलं होतं. ज्या माणसाला तिनं कधी बघितलं नव्हतं, ज्याची फक्त पागोट्यातली एक तसबीर घरात होती, तो माणूस त्या दुपारी तिच्या बोटाखाली काम करत होता. शिवाप्पानं दोनदा चहाला हाक मारली. ती ओ देत राहिली आणि उठली नाही.

पण पुढं काम अडलं. गडव्याचं पोट नेमकं कसं होतं, हेच कुणाला धड आठवेना. शिवाप्पा म्हणाला गोल, आंब्यासारखं. दिनकररावांनी फोनवर मठातले फोटो पाठवले. सगळ्यांत गडवा बेल-फुलांनी झाकलेला. रविवारी शिवरंजनी आली. आईच्या मांडीवरचं ते अर्धवट उलगडलेलं भांडं बघून ती फोनवर शोधून एकेक चित्र दाखवायला लागली. मुंबईची थेटरं, हैदराबादच्या इमारती, परदेशातल्या देवळांतले चांदीचे पेले. त्या काळी जगभर हीच तऱ्हा होती, तिला आर्ट डेको म्हणतात, पणजोबांनी हैदराबादेत बघितली असणार, असं तिनं समजावून सांगितलं. उमादेवी बोटानं चित्रं सरकवत राहिली. दूरदेशीच्या कुण्या ख्रिस्ती देवळातला एक पेला तिनं बराच वेळ बघितला. त्याच्या पायालाही पायऱ्या होत्या, अंगावरही किरणं होती. तिकडं कुणीतरी सोनार असाच खिडकीत बसला असेल, आज्जाला जे सुचलं तेच त्यालाही सुचलं, आणि दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. हे तिला इतकं नवल वाटलं की पोट कसं करायचं ते विचारायचंच राहून गेलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी तिनं भाकरी करून ठेवली, शिवाप्पाला सांगितलं, "मी बारवेवर जाऊन येते," आणि एसटीत बसली.

करंजवाडीची बारव आता वापरात नाही. नळ आल्यापासून तिकडं कुणी फिरकत नाही. उमादेवी उतरली तेव्हा दुपार झाली होती. काठावर पळस फुलला होता. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, मधे मधे छोट्या आडव्या पायऱ्यांचे त्रिकोण, आणि तळाशी हिरवं, न हलणारं पाणी. ऊन तिरपं येऊन एका भिंतीवर पडलं होतं. ती लहानपणीच्या जागी बसली. तिथं तिच्या बसण्याची खूण असायचं काही कारण नव्हतं, तरी दगड तिला ओळखीचा वाटला.

पायऱ्या वरून खाली येत पाण्याला टेकल्या होत्या, आणि पाण्यात पुन्हा तशाच खाली उतरत गेल्या होत्या. वरच्या पायऱ्या आणि खालच्या पायऱ्या जिथं मिळत होत्या, तिथं पाण्याची धारदार रेघ होती. ती किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. डोळे उघडे होते आणि तिला लहानपणीचा श्रावण दिसत होता. मठात सोमवारी अभिषेकाला पाणी न्यायचा मान घराघरानं पाळीपाळीनं असायचा. आईनं न्हाऊ घातलेली ती, ओले केस, आणि कडेवर चांदीचा गडवा. चढण चढताना तो सारखा कमरेला रुतायचा. घरी गेल्यावर आईला तिनं तो तांबडा वळ दाखवला होता.

कमरेला रुतायचा. गोल भांडं रुतत नाही.

तिनं नकळत डावा हात कमरेवर ठेवला. पोटाच्या मधोमध कड होती. वरून पायऱ्या उतरत त्या कडेला येत होत्या आणि कडेपासून तशाच खाली बैठकीपर्यंत जात होत्या. आज्जानं ते थेटरात बघितलं की ह्या पाण्यात, की दोन्हीकडं, हे कोण सांगणार; पण कड होती, हे तिच्या अंगाला आठवत होतं. भावाच्या घरी चहा घेऊन ती संध्याकाळच्या गाडीनं परत आली. शिवाप्पाला तिनं एवढंच सांगितलं, "आंब्यासारखं न्हाई. मधी धार होती." त्यानं मान हलवली.

कड काढायची म्हणजे भांडं ऐरणीवर अगदी स्थिर धरायला हवं. उमादेवीला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं ठोका घालणं जमेना. दर वेळी भांडं केसभर फिरायचं. दोन दिवस ती चिडून चिडून थकली. तिसऱ्या दिवशी शिवाप्पा गादीवरून उठून फरफटत मागं आला, तिच्यासमोर बसला आणि डाव्या हातानं गडवा धरला. तिनं ठोका घातला. त्यानं भांडं सुताभर फिरवलं. तिनं ठोका घातला. थोड्या वेळानं दोघांना एक लय सापडली. बाहेर गिऱ्हाईक येऊन, हाका मारून, परत जात होतं. शिवाप्पाच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं.

एक नुकसान मात्र झालं. घडीच्या जागी चांदी आधीच चिरली होती, आणि तिथं डाख लावताना उमादेवीच्या हातून आच जास्त लागली. बघता बघता तेवढी जागा पाणी होऊन ओघळली. तळहाताएवढं भगदाड पडलं आणि किरणांचा एक झुबका त्यात गेला. ती फुंकणी खाली ठेवून बसली, त्या दिवशी जेवली नाही. सकाळी शिवाप्पानं पेटीतली चांदी काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं पत्रा केला, ठिगळ कापलं, बसवलं. या वेळी आच बरोबर लागली, आणि गळाही परत जागी बसला.

आता त्या ठिगळावर किरणं कोरायची राहिली. शिवाप्पा म्हणाला, कोर, म्हणजे कुणाला कळायचं न्हाई. तिनं दुसऱ्या पत्र्यावर कोरून बघितलं. रेघा सरळ आल्या, पण त्या वेगळ्या हाताच्या होत्या. गुरुलिंगप्पाच्या रेघेत एक घाई होती, हिच्या रेघेत जपणं होतं. तिनं पुन्हा कोरून बघितलं, मग छिन्नी पुसून ठेवून दिली. ठिगळ तिनं तसंच कोरं ठेवलं, फक्त ओपणीनं घासून घासून पाण्यासारखं केलं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दिनकरराव आले. गडवा त्यांनी हातात घेतला, फिरवला, गळ्यापासून बैठकीपर्यंत बोट फिरवलं. कडेवर बोट थांबलं आणि त्यांच्या तोंडून आपसूक "हां" निघालं. मग कोरी जागा आली.

"इथं किरणं राहिलीत, अप्पा," ते शिवाप्पाला म्हणाले.

शिवाप्पानं मागच्या खोलीकडं बघितलं. "मला इचारू नका," तो म्हणाला. "जिनं केलंय तिला इचारा."

उमादेवी दारात उभी होती. पदर सावरून ती पुढं आली. इतक्या वर्षांत त्या गादीजवळ ती गिऱ्हाइकाशी कामाचं बोलायला कधी आली नव्हती. "तिथं आज्जाचं काई उरलं न्हाई, दादा," ती म्हणाली. "तेवढं माझं हाय. मला किरणं येत न्हाईत."

दिनकरराव तिच्याकडं बघत राहिले. लहानपणी एकाच गल्लीत वाढलेली ही, घागर पाण्यात विसरून येणारी पोरगी. मग ते गडवा फडक्यात बांधू लागले आणि बांधता बांधता म्हणाले, "उद्या तुमी दोघंबी या. जीप धाडतो."

शिवरात्रीला मठात गर्दी होती. शिवाप्पाला खुर्ची दिली होती. स्वामींनी नवं-जुनं काही बोलून दाखवलं नाही. गडवा भरला, गळ्याशी धरला आणि धार सोडली. धार सरळ पडली, कुठं पाझर नाही. उमादेवीचं सगळं लक्ष ठिगळाच्या सांध्याकडं होतं. सांधा कोरडा आहे हे पाहिल्यावर ती खांबाला टेकली, आणि तिथून पुढची आरती तिनं ऐकली की नाही हे तिलाही सांगता आलं नाही. भावजयीनं, केशरबाईनं, प्रसादाचा द्रोण हातात दिला तेव्हा ती दचकली.

ही गोष्ट झाली त्याला आता दोन वर्षं होत आली. आजूबाजूच्या मठांतून, घरांतून जुनी भांडी पालमला येतात: पिचकलेली ताम्हनं, पाय तुटलेली निरांजनं, सत्तर वर्षं कुणी न उघडलेल्या पेटीतली अत्तरदाणी. उमाबाईकडं दिलं की वेळ लागतो, हे सगळ्यांना माहीत झालंय, आणि तरी ते देऊन जातात. शिवाप्पा समोर बसून भांडं धरतो. त्याचा डावा हात आता इतका तयार झालाय की ती ठोका कुठं घालणार ते त्याला आधीच कळतं.

या उन्हाळ्यात ती एका घरचं धुपाटणं नव्यानं घडवायलीय. कसं पाहिजे असं तिनं विचारलं तर घरमालकीण म्हणाली, तुमच्या मनाला येईल तसं करा. तेव्हापासून पत्रा कापून तयार पडलाय. दुपारी रस्ता सुनसान असतो, पंखा फिरत असतो, शिवाप्पा भिंतीला टेकून डुलक्या घेतो. उमादेवी पत्रा मांडीवर घेऊन दाराबाहेर बघत बसते. अजून तिनं त्यावर एकही ठोका घातलेला नाही, आणि कुणी घाई केलेली नाही.